बोनेटखालची पिंड

अण्णासाहेबाच्या काळ्या मोटरीत खरा बिघाड एकच होता, तो म्हणजे अण्णासाहेब. बाकीचं काम दहा मिनिटाचं. एक पान्हा आन् बोटभर पॉलिशपेपर, बास. त्याला ह्या माणसानं दीड वर्ष लावलं, तीन बॅटऱ्या बदलल्या, अन् शेवटी काय पदरात पाडून घेतलं ते सांगतो. खोटं वाटन तुम्हाला. पण सारं कुंभार पिंपळगाव तिथं उभं होतं, बँडवाल्यांसकट. कोणालाबी विचारा.

मी देवानंद. तीर्थपुरीच्या रस्त्याला बाभळीखाली पत्र्याचं शेड हाये न्हाई का, तेच माझं गॅरेज. जालन्याला अजमत मिस्त्रीच्या हाताखाली आठ वर्षं काढून आल्तो. उस्ताद लई कडक माणूस, चूक झाली की पान्हा फेकून मारायचा. पण शिकवायचा बराबर. म्हणायचा, "देवानंद, पहले देखो, फिर सूंघो, फिर हाथ लगाओ. गाडी झूठ नहीं बोलती, आदमी बोलता है." ट्रॅक्टर असो, ट्रक असो, विहिरीवरचं इंजिन असो, मी ह्याच हिशोबानं चालतो. अजून तरी कोणत्या इंजिनानं मला दगा दिला न्हाई. माणसांचं विचारू नका.

तर ही मोटर. सत्त्याहत्तर साली अण्णासाहेबानं ती सरकारी लिलावातून उचलली. वीस वर्षं जुनी, लांबुळकी, पुढं-मागं माणसं बसायला ऐसपैस, रंग काळा कुळकुळीत. कुण्यातरी साहेबानं वापरून वापरून तिचा पार चोथा केल्ता. पण आमच्याकडं तोवर मोटर नावाची चीज कोणाच्या दारात नव्हती. त्यामुळं अण्णासाहेबाची छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या तुटायच्या राह्यल्या. शेकडा माणूस पूजेला जमला. त्याच्या मेव्हण्यानं, भुजंगरावानं, बोनेट उघडलं, अन् अण्णासाहेबाची आई, गिरिजाबाई, हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढं झाली.

आता आत काय होतं ते नीट ऐका, सारी गोष्ट तिथंच हाये. बॅटरीच्या शेजारी एक सपाट पत्रा. त्या पत्र्यावर उभा एक जाड बोल्ट, डोकं वरून गोल झिजलेलं. त्याच्या बुडाला तांब्याची चकती, अन् चकतीचं एक टोक पुढं निघालेलं, कारण तिथून वायर जाते. म्हातारीनं डोळ्यावर हात धरून पाह्यलं अन् ताट हातात धरून जागच्या जागी थबकली.

"अगं बाई," म्हणली, "ही तर पिंड!"

दिसायचीबी तशीच, खोटं कशाला बोलू. म्हातारीची काय चूक? तिनं जन्मात बोनेट पाह्यलं नव्हतं. पण अण्णासाहेबाला तर समजत होतं ना! त्यानं लोकांकडं तोंड करून दोन्ही हात जोडले अन् म्हणला, "महादेव सोता आलेत गाडीत!" झालं. तेव्हापासून दर सोमवारी बोनेट उघडायचं अन् त्या बोल्टावर दूध, दही, मध, साखर, नारळाचं पाणी. वर बेलाचं पान.

करंटाचं गणित सोपं हाये. बॅटरीतून करंट वायरीनं निघतो, दिवा लावतो, सेल्फ फिरवतो, अन् काम झालं की गाडीच्या पत्र्यातून बॅटरीत परत येतो. जायला वाट पाह्यजे तशी यायलाबी वाट पाह्यजे. पत्र्यातून बॅटरीत शिरायचं दार म्हणजे तो बोल्ट. त्याला आम्ही अर्थिंगचा बोल्ट म्हणतो. त्या दारावर हे लोक दर सोमवारी दही ओतत होते.

सहा महिन्यांत व्हायचं ते झालं. सकाळी सेल्फ मारला की नुस्तं टक्. मला बोलावणं आलं. मी गेलो, पाह्यलं, हुंगलं. बोनेटखाली आंबलेल्या ताकाचा वास! पण म्हणलं आल्यासारखं सगळंच बघावं. गाडीच्या खाली शिरलो. अर्धा तास उताणा पडून सेल्फचे नट आवळले, गिअरबॉक्सचं तेल तोंडावर घेतलं. तवर अण्णासाहेब ओट्यावर बसून पान खात होता. कोणी हूं का चूं केलं न्हाई. मी बाहेर आलो, हात पुसले, अन् त्या बोल्टाकडं पान्हा नेला तसा तो ओट्यावरून वरडला.

"ए! तेवढी जागा सोडून."

"कामून?"

"कामून म्हणजे? तिथं देव हाये. समजून घे ना तू."

छप्पन साली माझ्या बापानं अन् आमच्या सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली. आम्ही बौद्ध झालो, त्याला तेव्हा बावीस वर्षं होत आल्ती. आम्ही काय समजून घ्यायचं ते समजून घेतलंच होतं. समजायचे राह्यले होते ते ओट्यावर बसून पान खात होते.

मी म्हणलं, "अण्णासाहेब, मी आत्ता अर्धा तास तुमच्या गाडीच्या पोटाखाली झोपलो होतो."

"खालचं येगळं," अण्णासाहेब म्हणला.

खालचं येगळं! बगा आता. तेल तोंडावर घ्यायला मी चालतो, गाडी बंद पडली की मागून धक्का द्यायला आमच्या वस्तीतले दहा गडी चालतात, पण त्या बोल्टाला माझं बोट चालत न्हाई. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पान्हा आपटावा वाटला. पण पान्हा माझा होता, म्हणून आपटला न्हाई.

म्हणलं, ठीक हाये. संपतला करू द्या. संपत म्हणजे त्याचा ड्रायव्हर, चुलतभावकीतलाच, गरीब गडी. मी लांब उभा राहून त्याला सांगितलं, बोल्ट काढ, चकती उचल, खालून घास. संपत आंघोळ करून आला, ओल्या अंगानं, पान्हा हातात घेतला, तर गिरिजाबाई कडाडली, "पिंड उपटतो का रे मुडद्या?" संपतनं भिऊन बोल्ट फडक्यानं वरून पुसला अन् थोडा आवळला. वरून पुसल्यानं काय होतं? आठ दिवस गाडी चालली. नवव्या दिवशी पुन्हा टक्.

मंग भुजंगरावाच्या अंगात आलं. हा औरंगाबादला इंजिनियरिंगला एक वर्ष होता. नापास होऊन परत आला, पण खिशाचा पेन काही काढला न्हाई. त्याचं एक ठरलेलं होतं, गाडीकडं बघायचंच न्हाई. लांबून आवाज ऐकायचा, मान हलवायची अन् नवा माल सांगायचा. म्हणला बॅटरी गेली. नवी बॅटरी आली. बसवताना वायरी हलल्या म्हणून चार दिवस चालली, की भुजंगरावाच्या मिशीला पीळ. पाचव्या दिवशी बंद. मंग म्हणला सेल्फ जळाला, सेल्फ नवा. मंग पेट्रोलात पाणी, टाकी धुवा. मंग कॉइल. मंग पुन्हा बॅटरी. माझ्या शेडवरून जाताना त्या नव्या मालाची खोकी दिसायची अन् मी बेबीनंदाला, माझ्या बायकोला, म्हणायचो, "ताप पोराला आन् औषध पाळण्याला."

एक दिवस संपत बोटं धरून माझ्याकडं आला. बोटाला टरारून फोड. म्हणला, "मिस्त्री, सेल्फ मारताना चोक वढला, तर त्याच्या तारेचा गुल्ला तव्यासारखा तापेल. काय भानगड हाये?"

मला हसू बी आलं अन् कीव बी आली. म्हणलं, "संपत, मोठा दरवाजा लावून घेतला की माणूस खिडकीतून शिरतो का न्हाई? करंटाची परत यायची वाट तुमच्या दह्यानं बंद केली. मंग तो इंजिनातून चोकच्या तारेत शिरतो. तार बारीक, करंट मोठा. तापन न्हाई तर काय होईन? गाडी ओरडून सांगून राह्यली कुठं दुखतं ते."

संपतनं जसंच्या तसं जाऊन सांगितलं. तिकडून निरोप काय आला? भुजंगराव म्हणला ओव्हरहीटिंग. गिरिजाबाई म्हणली महादेवाचा तिसरा डोळा. अन् अण्णासाहेब म्हणला, "त्या देवानंदला म्हणा, आम्हाला महादेव शिकवू नको." सोमवारचं दूध एक लिटरचं दोन लिटर झालं.

त्यानंतर मी नाद सोडला. म्हणलं मरू दे तिकडं. गाडी धक्का मारून चालू व्हायची, बाजाराच्या दिवशी गावाला फुकटचा तमाशा. अण्णासाहेब आत बसून हात दाखवायचा, मागं दहा जण घामाघूम.

मंग आलं एकोणऐंशी सालचं पंचायत समितीचं इलेक्शन. अण्णासाहेबाचा जीव त्या खुर्चीत अडकेल. दोन साल त्याला दुसरा विषय नव्हता. लग्नाला गेला तरी इलेक्शन, मयतीला गेला तरी इलेक्शन. फॉर्म अंबडला तहसीलीत भरायचा, उमेदवारानं सोता हजर राहून. शेवटचा दिवस, दुपारी तीनपर्यंत. तीनच्या ठोक्याला दार बंद, मंग देव आला तरी फॉर्म घेत न्हाईत. अन् ह्यानं कोणता दिवस धरला? तोच शेवटचा. कामून, तर घरून निघायला साडेबाराचा मुहूर्त चांगला होता. सकाळी नऊची एस.टी. गावातूनच गेली. संपत म्हणला होता, मालक, एस.टी.नं चला. तर म्हणला, "अण्णासाहेब एस.टी.नं फॉर्म भरायला जाणार? लोक शेण घालतील तोंडात!"

समोरून उभा होता सिराजोद्दीन. बारदानाचा व्यापारी, साधा माणूस, पायजम्याला क्लिपा लावून सायकल मारणारा. तो त्याच दिवशी पहाटं फॉर्म पिशवीत घालून सायकलवर निघून गेला. अण्णासाहेबाच्या ओट्यावर सगळे खो खो हसले. भुजंगराव म्हणला, "रस्त्यात पंचर होईन अन् बसन बोंबलत."

साडेबाराला मोटर दारात उभी. झेंडूचे हार, दोन बाजूला झेंडे, मागं बँड, गुलालाचं पोतं. अण्णासाहेब पांढरंफेक धोतर, डोक्याला फेटा, आत बसला. संपतनं सेल्फ मारला.

काहीच न्हाई. टक् सुद्धा न्हाई. हॉर्न दाबला, मुका. दिवा लावला, आंधळा. चार दिवसांपूर्वीच तिसरी नवी कोरी बॅटरी बसवेल, पण तिचा अन् गाडीचा संबंधच तुटला होता. धक्का मारत मारुतीच्या देवळापर्यंत नेली अन् धक्का मारत परत आणली. हँडल घालून संपतनं फिरवली, त्याचा खांदा निखळायचा राह्यला. भुजंगराव म्हणला, "पेट्रोलात पाणी असन." एक वाजला. तेव्हा कुठं गिरिजाबाईच्या तोंडून निघालं की बाबा, उचला पिंड, पण संपतनंच उचलावी, अन् आंघोळ करून. संपत पुन्हा आंघोळीला गेला! अंबड तासाभराच्या वाटेवर, घड्याळात सव्वा वाजून राह्यला, अन् ड्रायव्हर अंगाला साबण लावून राह्यला. ओल्या हातानं त्यानं पक्कड लावली. पक्कड सटकली, पुन्हा लावली, पुन्हा सटकली. बोल्टाचे कान, म्हणजे डोक्याचे कोपरे, पार गोल झाले. आता तो साध्या पान्ह्यालाबी दाद देईना.

मला बोलवायला माणूस धावत आला तेव्हा मी भाकरीवर बसणारच होतो. बेबीनंदा म्हणली, "जाणार हाव?"

"तर काय. उस्ताद म्हणायचा, इंजिन कोणाचं हाये ते बघू नये."

मी हात धुवायला उठलो तशी ती म्हणली, "धुवू नका. तेलाचेच हात घेऊन जा."

गेलो तसाच. गर्दी बाजूला झाली. गर्दी मला पाहून बाजूला सरकती, हे नेहमीचंच, पण त्या दिवशी जरा लवकर झाली. अण्णासाहेब खाली उतरून उभा होता. फेट्याखालून घामाचे वघळ. मोठ्या कष्टानं, ओठातल्या ओठात म्हणला, "देवा, लाव हात."

"मोठ्यानं म्हणा, बँडमुळं ऐकू येत न्हाई."

बँड कधीचा बंद होता. सगळ्यांना समजलं. एक-दोघांनी तोंड फिरवून हसून घेतलं. अण्णासाहेबानं माझ्याकडं असं पाह्यलं की खाऊ का गिळू, पण वाजले होते दीड.

"लाव हात म्हणलं!"

कानशीनं बोल्टाला नवे कान पाडले, पान्हा बसवला, एक झटका दिला. कुर्रर करून सुटला. चकती उचलली तर खाली हिरवट पांढरा थर, खरवस बसावा तसा. त्यात तांदळाचे दाणे, बेलाच्या पानाचं देठ. गिरिजाबाईनं पदर नाकाला लावला. तिच्याच दुधाचा वास होता तो. मी खरवडलं, पॉलिशपेपर मारला, तांबं आरशासारखं लख्ख केलं, पत्रा घासला, पुन्हा बसवलं, आवळलं, वरून बोटभर ग्रीस. बारा मिनिटं. दीड वर्षाचा आजार, बारा मिनिटं.

"मार सेल्फ."

पहिल्या झटक्याला इंजिन असं धडधडून उठलं की मागचा ढोलवाला दचकला. दिवे लागले. हॉर्न वाजला. लोकांनी टाळ्या मारल्या. अन् खरं सांगू? मला लई बरं वाटलं. राग, चीड सगळं त्या घडीला विसरलो. चालू झालेल्या इंजिनाचा आवाज ऐकला की माझं असंच होतं. अण्णासाहेबबी हसला. पहिल्यांदा माझ्याकडं बघून हसला. "शाबास रे देवा," म्हणला. पावणेदोन वाजले होते. सरळ निघाला असता तर तीनच्या आत आरामात पोचला असता.

मी म्हणलं, "निघा आता. फक्त एक करा, ह्याच्यावर पाणीबिणी टाकू नका. बोल्टाला काही होत न्हाई, पण तो काळा डबा बघा, चार वायरीवाला. तो प्लगांना करंट वाटतो. त्याच्यात पाणी शिरलं की खेळ खलास."

संपतनं मान डोलावली. अण्णासाहेबानं पाय आत टाकला.

"थांब रे," गिरिजाबाई म्हणली. "शुद्ध केल्याबिगर कसा निघतो? पिंडीला विटाळ झाला ना."

भाजीत मीठ राह्यलं असं सांगावं तशी म्हणली. तिच्या मनात माझ्याबद्दल वाकडं काही नव्हतं, हे मी आजबी सांगन. माझ्या बायकोच्या बाळंतपणाला तिनंच तूप दिलं होतं, अन् वरून भांड्यात वतलं होतं, हात न लागता. तशी ती.

अण्णासाहेबानं घड्याळ पाह्यलं. माझ्याकडं पाह्यलं. जमलेल्या लोकांकडं पाह्यलं. मत देणारे सगळे तिथंच उभे होते.

"आई म्हणती तर दोन मिनिट," म्हणला.

म्हातारीनं तांब्यातून गोमूत्राचे चार थेंब शिंपडले. तेवढ्यावर भागलं असतं. पण भुजंगरावाला कमी कुठं जमतं? त्यानं भरलेली बादली उचलली. मी आडवा झालो, म्हणलं, "अहो इंजिन चालू हाये!" तर म्हणतो, "बाजूला सरक, तुझ्या अंगावरचे शिंतोडे उडतील." अन् आख्खी बादली धो धो ओतली.

फट्. फट्. खर्रर. बंद.

बोनेटमधून वाफ निघून राह्यली होती. सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या खांद्यावर कोरडं फडकं होतं.

"देवा," अण्णासाहेब म्हणला, अन् ह्या वेळी बिगर सांगता मोठ्यानं म्हणला.

मी म्हणलं, "दोन मिनिटाचं काम हाये. डबा उघडायचा, आतून कोरडा करायचा, लावायचा. आत्ता करतो. पण मला एक सांगा अण्णासाहेब. मी हात लावल्यावर परत धुणार का?"

तो फेट्याचा शेव चाचपायला लागला.

"मी पुसायचं, तुम्ही धुवायचं, गाडी बंद पडायची, मी पुसायचं. तीन वाजतील असेच. एकदा न्हाई म्हणा, की हात लावतो. सगळ्यांच्या समोर म्हणा."

एक शब्द होता हो. न्हाई. लहान लेकराला पहिल्यांदा तोच येतो. मी पैसा मागितला न्हाई, माफी मागितली न्हाई. त्याच्या खुर्चीत अन् त्याच्यात तेवढा एक शब्द होता. त्याचे ओठ हलले, मी पाह्यले. मंग त्यानं आईकडं पाह्यलं, तिच्या हातात तांब्या तसाच. मंग लोकांकडं. अन् म्हणला, "तू तुझं काम कर ना. मधीच ह्या गोष्टी कशाला काढतो?"

"बराबर हाये," मी म्हणलं. "मंग हे काम भुजंगरावाला येतं."

फडकं खांद्यावर तसंच ठेवलं अन् समोरच्या लिंबाखाली जाऊन बसलो. घरी गेलो न्हाई. मला बघायचं होतं. वाईट म्हणा, हलकट म्हणा, पण मला बघायचं होतं.

भुजंगरावानं पेन काढून संपतकडं दिला, बाह्या वर केल्या अन् काळ्या डब्याच्या चारी वायरी एकदम उपटल्या. डबा न उघडता बाहेरून स्वच्छ पुसला. आत पाणी तसंच. मंग वायरी लावायची वेळ आली, तर कोणती कुठं होती? त्यानं लावल्या मनाला येईल तशा. संपतनं सेल्फ मारला. इंजिननं दोन आचके दिले अन् मागून सायलेन्सरमधून असा बार झाला की कोंबड्या छपरावर गेल्या. बँडवाल्यांना वाटलं इशारा झाला. त्यांनी जोरात वाजवायला सुरुवात केली, एकानं गुलाल उधळला. अण्णासाहेब गुलालानं लाल होऊन वरडत होता, "बंद करा! बंद करा रे!" पण ढोलापुढं ऐकतो कोण.

दोनला वायरी दुसऱ्यांदा बदलल्या. सव्वादोनला तिसऱ्यांदा. अडीचला सेल्फ मारून मारून बॅटरीचा जीव संपला. मंग कोणी काही केलं न्हाई. माणसं एकेक करून सावलीला सरकली. एकदा संपतनं माझ्याकडं पाह्यलं, मी त्याच्याकडं पाह्यलं, त्यानं मान खाली घातली. तीनला पाच कमी असताना अण्णासाहेबानं मनगटावरचं घड्याळ सोडलं अन् खिशात टाकलं.

सिराजोद्दीन दिवस मावळायच्या आधी परत आला, घामानं चिंब. दुसरा फॉर्मच न्हाई, म्हणजे हा बिनविरोध. त्याला वाटेतच समजलं असन. पण मोटरीपाशी आला अन् सायकलवरून खाली उतरला. पायजम्याच्या क्लिपा काढल्या, सलाम केला अन् अगदी मनापासून विचारलं, "साब, गाडी बंद पडली क्या? धक्का मारू?"

त्यावर अण्णासाहेब काय म्हणला ते मला ऐकू आलं न्हाई.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तो माझ्या शेडवर आला. सोता, पायी. असा कधी आला नव्हता. मी ट्रॅक्टरच्या चाकाशी बसल्तो, उठलो. बेबीनंदानं माचं पुढं केलं, तो बसला न्हाई, पण चेहऱ्यावर समाधान होतं. माणूस काहीतरी मोठं काम उरकून येतो तसं. मला वाटलं, चला, देर से आया लेकिन आया.

"देवा," म्हणला, "तुझी अडचण मिटवली बघ. गुरुजी आणले, होम केला, अन् देव तिथून हलवला. आता डॅशबोर्डावर बसवला. बोल्ट आता नुस्ता बोल्ट हाये. तू बिनधास्त हात लाव, कोणी काही म्हणणार न्हाई."

त्याला खरंच वाटत होतं की त्यानं माझ्यावर उपकार केला. माझ्या हातातला पान्हा जड झाला. खुर्ची गेली, गावात हसू झालं, तरी ह्या माणसाला एक शब्द हलवता आला न्हाई. त्यापेक्षा त्यानं देव हलवला.

"डॅशबोर्डाच्या मागं सगळ्या वायरी असतात," मी म्हणलं. "तिथं दूध टाकलं तर गाडी नुस्ती बंद पडणार न्हाई, पेटन."

त्याचा चेहरा उतरला. "मंग कुठं बसवावा?" त्यानं खरंच विचारलं.

"घरात बसवा. गाडीत माणसं बसू द्या."

त्याला काही समजलं का न्हाई, देव जाणे. फेटा सावरला अन् गेला.

मोटर अजून त्याच्या दारात उभी हाये. चाकं जमिनीत रुतली, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालती. अन् गंमत सांगू? तिच्यात काही बिघाड न्हाई. बोल्ट मी घासेल हाये, ग्रीसखाली अजून चमकत असन. त्या डब्यातलं पाणी कधीचं वाळलं. फक्त चार वायरी बराबर लावायच्या राह्यल्या. एक, तीन, चार, दोन, ह्याच क्रमानं. लहान पोरालाबी पाठ होईन.

ते विचारायला अजून कोणी आलं न्हाई, अन् मी सांगायला गेलो न्हाई.